वजाबाकीची वाट: आओई मियाझाकीच्या घडणीचे विवेचन

बालमॉडेलचे काम जवळून पाहिले तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. त्यात अभिनय जवळजवळ नसतोच. मुलाला जमिनीवरच्या चिकटपट्टीच्या खुणेवर उभे करतात, सैल स्वेटर पाठीमागून चिमट्यांनी आवळतात, कॅमेऱ्याच्या वर कोणीतरी बाहुली हलवतो, मूल तिकडे बघून हसते आणि काम होते. मुलाने कंटाळू नये, रडू नये, आणि सांगितले की पुन्हा तसेच हसावे, एवढीच अपेक्षा. हे कौशल्य खोटे नाही, सोपेही नाही. पण त्याचा ओढा अभिनयाच्या उलट दिशेला असतो. मॉडेलला ‘कोणीतरी आपल्याकडे बघते आहे’ हे भान सतत जागे ठेवावे लागते. नटीला नेमके तेच भान बाजूला सारावे लागते. मग ज्या मुलीच्या अंगी पहिले भान चौथ्या वर्षापासून मुरले, ती दुसरे कसे आणि कुठे शिकते?

या प्रश्नासाठी मी आओई मियाझाकीचे उदाहरण घेतो. जन्म टोकियोत, ३० नोव्हेंबर १९८५. (अॅनिमेशनपटांचे हायाओ मियाझाकी आणि ती यांचे काही नाते नाही.) चार वर्षांची असताना जाहिराती आणि मासिकांच्या कामाला सुरुवात झाली, थोरला भाऊ मासारू हाही त्याच कामात होता. बाविसाव्या वर्षी ती एनएचके या जपानी प्रसारणसंस्थेच्या वर्षभर चालणाऱ्या ऐतिहासिक मालिकेची नायिका झाली. तोवर त्या मालिकेत एवढ्या लहान वयाच्या कलाकाराला मुख्य भूमिका मिळालेली नव्हती. या अठरा वर्षांचा हिशोब सहसा ‘पायरी पायरीने वर गेली’ असा मांडतात. मला तो अपुरा वाटतो. पायऱ्या होत्याच, आणि त्या शेकडो मुलींना मिळाल्या. मियाझाकीच्या बाबतीत निर्णायक ठरले ते त्या पायऱ्यांवर असताना काही दिग्दर्शकांनी तिच्याकडून काढून घेतलेले सामान: आधी हसू, मग शब्द, मग गोंडसपणा.

कोयाकु आणि कायदा

बालनटाला जपानीत ‘कोयाकु’ म्हणतात. ‘को’ म्हणजे मूल, ‘याकु’ म्हणजे भूमिका. हा शब्द काबुकी रंगभूमीवरून आला आणि त्याच्यासोबत एक जुनी समजूतही आली. काबुकीतला कोयाकु आपली वाक्ये उंच पट्टीत, एका सुरात, चढउतार न करता म्हणतो. त्याने भावना दाखवायची नसते. त्याच्याकडे बघून प्रेक्षकाच्या मनात ती उमटायची असते. म्हणजे मूल हे एक ठरीव रूप आहे आणि वय सरले की ते रूप उतरवून ठेवायचे, हे त्या रंगभूमीने फार पूर्वीच मान्य करून टाकले. चित्रपट आणि दूरचित्रवाणी आल्यावर पद्धत बदलली, समजूत मात्र बरीचशी टिकली. १९८३ साली ‘ओशिन’ या मालिकेत आयाको कोबायाशी या लहान मुलीने साकारलेली छोटी ओशिन सगळ्या जपानला रडवून गेली. मालिकेची सरासरी प्रेक्षकसंख्या ५२.६ टक्के होती. कथेत ओशिन मोठी झाली तेव्हा भूमिका दुसऱ्या नटीकडे गेली. कथेचीच ती गरज होती, पण कोयाकुचे प्राक्तन त्यात स्पष्ट दिसते: मूल लोकांच्या मनात राहते आणि पुढची गोष्ट दुसऱ्या कोणाची होते.

कायद्याची चौकटही लक्षात घेतली पाहिजे, कारण बालकलाकाराचा दिवस कसा असतो हे तिच्यावर ठरते. १९४७ च्या कामगार मानक कायद्यानुसार मूल १५ वर्षांचे झाल्यानंतर येणारा ३१ मार्च उलटेपर्यंत त्याला कामावर ठेवता येत नाही. तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी चित्रपट आणि नाटक एवढाच अपवाद आहे, आणि त्यासाठीही सरकारी कार्यालयाची परवानगी, पालकांची लेखी संमती आणि ‘या कामाने शिक्षणात अडथळा येणार नाही’ असा शाळेचा दाखला लागतो. शाळेचे तास धरून दिवसाला सात तास, आठवड्याला चाळीस तास ही मर्यादा. रात्री आठनंतर काम नाही. रंगमंचावरच्या मुलांसाठी ही वेळ २००५ पासून नऊपर्यंत वाढली. तरुण गायक आणि कलाकारांसाठी १९८८ साली कामगार मंत्रालयाने वेगळे परिपत्रक काढले. ज्याची जागा दुसरा घेऊ शकत नाही, ज्याचा मोबदला तासांवर ठरत नाही, असा कलाकार काही अटींवर ‘कामगार’ मानला जाणार नाही, असे त्याने ठरवले. त्या काळच्या एका लोकप्रिय गायकगटाच्या नावाने ते ‘हिकारू गेन्जी परिपत्रक’ म्हणून ओळखले जाते. त्यातली ‘जिची जागा दुसरी घेऊ शकत नाही’ ही अट मला फार बोलकी वाटते. मॉडेल आणि तारका यांच्यातला फरक कायद्याच्या रुक्ष भाषेत याहून नेमका क्वचितच सांगितला गेला असेल. तयार कपड्यांच्या सूचीत एका मुलीच्या जागी दुसरी उभी राहिली तर कोणाला कळतही नाही.

मासिकांची वाट

मियाझाकीनंतरच्या पिढीत ही वाट अधिक आखीव झाली. शाळकरी मुलींसाठीची फॅशन मासिके हा तिचा कणा. शिन्चोशा या प्रकाशनसंस्थेचे ‘निकोला’ १९९७ साली सुरू झाले. शुएइशाचे ‘सेव्हन्टीन’ त्याहून बरेच जुने, १९६८ चे. मासिक दरवर्षी मुलींची निवडचाचणी घेते, निवडलेल्या मुली त्याच मासिकाच्या ‘सेन्झोकु’, म्हणजे बांधील, मॉडेल होतात आणि ठरावीक वय झाले की त्यांचा समारंभपूर्वक निरोप होतो. त्याला ‘सोत्सुग्यो’ म्हणतात, शाळेतून उत्तीर्ण होण्यासाठी असलेलाच शब्द. ‘निकोला’तही असाच निरोप होतो. युई आरागाकी, रेना नोनेन, हारुना कावागुची या सगळ्या त्याच दारातून आल्या.

मासिक या मुलींना वाचक देते. महिन्यामागून महिने आपल्याच वयाच्या मुलीला वाचक मुली बघतात, तिची केशरचना करून पाहतात, तिच्यासोबत इयत्ता चढतात. पुढे ती पडद्यावर आली की हा वाचकवर्ग तिच्यामागे येतो. जपानी व्यवस्थापन कंपन्या, ज्यांना तिथे ‘जिमुशो’ म्हणतात, याच भांडवलावर नजर ठेवून असतात. जिमुशो मुलीचे शिक्षण, राहणे, मुलाखती, कोणत्या जाहिराती घ्यायच्या नि कोणत्या नाकारायच्या हे सगळे बघते. त्या बदल्यात मुलीच्या प्रतिमेवर तिचा मोठा हक्क चालतो. हा हक्क किती लांब जातो हे रेना नोनेनच्या बाबतीत दिसले. २०१३ ची ‘आमाचान’ ही मालिका तिच्यामुळे गाजली. २०१६ साली जुन्या करारातून बाहेर पडल्यावर ती ‘नोन’ या नव्या नावाने काम करू लागली. त्याच वर्षी ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ या युद्धकाळावरच्या अॅनिमेशनपटात सुझू या स्त्रीचा आवाज तिने दिला, आणि नाव गमावलेल्या त्या मुलीला केवळ आवाजावर लोकांनी पुन्हा ओळखले. ही गोष्ट मला आजही हलवून जाते.

मौन

मियाझाकीने मोठ्या पडद्यावर पहिले पाऊल टाकले ते १९९९ साली नोबुहिको ओबायाशी यांच्या ‘आनो नात्सु नो हि’ या चित्रपटात. ओबायाशींना बाल्य आणि आठवण या विषयांची ओढ होती, त्यात ती शोभून दिसली. पण खरी घडण झाली ती पुढच्या वर्षी.

शिन्जी आओयामा यांचा ‘युरेका’ मे २००० मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. लांबी २१७ मिनिटे, म्हणजे साडेतीन तासांहून जास्त, आणि शेवटचा भाग सोडला तर सगळा तपकिरी छटेत. क्युशू बेटावर एका बसचे अपहरण होते. चालक आणि दोन शाळकरी भावंडे एवढीच वाचतात. भावंडे बोलणे सोडून देतात. आई घर सोडून जाते, वडील मरतात, आणि ती दोघे मोठ्या घरात एकटीच राहू लागतात. काही काळाने चालक त्यांच्याकडे राहायला येतो. कोजी याकुशो हा कसलेला नट चालकाच्या भूमिकेत आहे. बहीण कोझुए म्हणजे आओई, भाऊ नाओकी म्हणजे तिचा सख्खा भाऊ मासारू.

दहा वर्षे कॅमेऱ्यासमोर हसलेल्या मुलीला आओयामांनी हसू दिले नाही आणि वाक्येही दिली नाहीत. तिच्याजवळ उरले चालणे, बसणे, बघणे. कॅमेरा बहुतेक वेळ दूर. जवळून टिपलेला चेहरा, जो मॉडेलचा हक्काचा मुलूख, तो तिला फार क्वचित मिळतो. चालक जुनी बस विकत घेऊन मुलांना प्रवासाला नेतो, त्या भागात एक जागा आहे. रात्री अंधारात तो बोटांनी टक टक करतो आणि पलीकडून टक टक असे उत्तर येते. एवढाच संवाद. त्या दृश्यात अभिनय चेहऱ्यावर घडतच नाही. तो त्या दोन ठोक्यांमधल्या वेळात असतो: उत्तर किती उशिरा येते, येते की नाही. फोटोसाठी तयार केलेल्या मुलीला ‘वेळ’ हे साधन कधी मिळालेलेच नसते. छायाचित्रात वेळ नसतो. माझ्या मते मियाझाकी नटी झाली ती इथे, वेळ तिच्या ताब्यात आला तेव्हा.

चित्रपटाच्या शेवटी कोझुए डोंगरमाथ्यावर उभी राहून समुद्रकाठी गोळा केलेले शिंपले एकेक करून खाली फेकते आणि प्रत्येकासोबत एक नाव घेते. तीन तास जो आवाज आपण जवळजवळ ऐकलेला नाही तो ऐकू येतो. मग पडदा रंगीत होतो. हा आवाज मोठा नाही, रडवेलाही नाही. एखाद्या सरावलेल्या बालनटीने तिथे टाहो फोडला असता. त्या मुलीने फक्त नावे घेतली. कानमध्ये चित्रपटाला आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा आणि ख्रिस्ती परीक्षकमंडळाचा, असे दोन पुरस्कार मिळाले. मियाझाकी तेव्हा १४ वर्षांची होती.

यात भावाचा वाटाही कमी नाही. ज्याच्यासोबत ती लहानपणापासून वाढली तोच शेजारी असल्यामुळे दोन भावंडांमधले न बोलता समजणे दिग्दर्शकाला घडवावे लागले नाही. बालकलाकारांविषयी लिहिताना आपण प्रतिभेवर फार बोलतो, आणि सेटवर त्या मुलाच्या बाजूला कोण उभे होते हे विसरतो.

लगेच पुढे अकिहिको शिओता यांचा ‘गाइचू’ (हानिकारक किडा) आला. सातवीत शिकणारी साचिको, आत्महत्येचा प्रयत्न केलेली आई, जुन्या शिक्षकाशी पत्रव्यवहार, शाळा टाळून रस्त्यावर घालवलेले दिवस. इथे गेला तो गोंडसपणा. साचिकोची दया यावी अशी सोय चित्रपटाने ठेवलेली नाही. मियाझाकीनेही ती मागितलेली नाही. फ्रान्समधल्या नांत येथील महोत्सवात २००१ साली या भूमिकेसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. या चित्रपटात साचिकोची वर्गमैत्रीण झाली आहे यू आओई. तीही पुढे मोठी अभिनेत्री झाली आणि तीही मॉडेल होती, पण तिची सुरुवात ‘अॅनी’ या संगीतिकेतून, रंगमंचावरून झाली. दोघींना एका चौकटीत पाहिले की फरक जाणवतो. यू आओईच्या शरीरात एक लय आहे, मियाझाकीच्या शरीरात थांबणे आहे.

सवय आणि विश्वास

इथवर ती चांगली नटी झाली होती, तारका नव्हे. महोत्सवात वाखाणलेली मुले पुष्कळ असतात. युया यागिराला २००४ साली, वयाच्या १४ व्या वर्षी, कोरे-एदा यांच्या ‘नोबडी नोज’साठी कानचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. एवढ्या लहान वयात तो कोणालाही मिळालेला नव्हता. त्यानंतरची वर्षे त्याला सोपी गेली नाहीत. पुरस्कार मुलाला उंचीवर नेऊन ठेवतो; तिथून खाली उतरायला जिना देत नाही.

मियाझाकीला जिना मिळाला तो लोकप्रिय माध्यमात. २००५ साली आइ याझावा यांच्या तुफान खपाच्या चित्रकथेवरून ‘नाना’ आला. रोखठोक गायिका नाना झाली मिका नाकाशिमा, आणि तिच्या गळ्यात पडणारी, प्रेमात वेडी होणारी दुसरी नाना झाली मियाझाकी. चित्रपट प्रचंड चालला. पुढच्या भागात तिने काम केले नाही. ती भूमिका दुसऱ्या नटीने केली. त्यामागची कारणे काहीही असोत, परिणाम असा झाला की ‘नाना’चा शिक्का तिच्यावर कायमचा बसला नाही.

मग आली ‘असादोरा’. एनएचकेची ही सकाळची मालिका १९६१ पासून चालू आहे. तेव्हा ती आठवड्याचे सहा दिवस, रोज पंधरा मिनिटे, सहा महिने चालत असे. ‘जुन्जो किरारी’ ही २००६ ची मालिका १५६ भागांची. ओकाझाकी गावातली साकुराको, जिला जॅझ पियानो वाजवायचा आहे आणि जिच्या वाट्याला युद्धकाळ, मिसो बनवणारे सासर आणि अखेरीस क्षय येतो. सकाळी, तेव्हा सव्वाआठ वाजता, भांडी घासताना, शाळेची पिशवी भरताना, आजारी सासऱ्यांना चहा देताना लोक ती बघतात. मन लावून बघतातच असे नाही. हेच या मालिकेचे सामर्थ्य आहे. नायिका घरात वावरू लागते, तिची सवय होते. चित्रपटातली तारका लोकांना दिपवते. सकाळच्या मालिकेतली मुलगी ‘आपली’ होते. ‘युरेका’तली कोझुए ज्यांनी कधी पाहिली नसती अशा लाखो माणसांच्या घरात तिचा चेहरा सहा महिने रोज आला.

आणि २००८ साली ‘आत्सुहिमे’, सुरुवातीला सांगितलेली ती ऐतिहासिक मालिका. दर रविवारी रात्री आठ, ५० भाग, सरासरी प्रेक्षकसंख्या २४.५ टक्के. ऐतिहासिक मालिकांची लोकप्रियता ओसरत चालली असताना हा आकडा मोठा होता. सात्सुमा प्रांतातल्या शिमाझु घराण्याच्या एका शाखेत वाढलेली मुलगी, राजकारणासाठी दत्तक घेतली जाते, तेरावा शोगुन इएसादा याच्याशी तिचे लग्न होते, तो लवकरच मरतो. विधवा तेन्शोइन म्हणून ती एदो किल्ल्याचे अंतःपुर सांभाळते आणि १८६८ मध्ये किल्ला रक्तपाताविना नव्या सरकारच्या हाती जातो, तेव्हा हजारो स्त्रियांना बाहेर काढण्याची जबाबदारी तिच्यावर येते. १८८३ मध्ये ती वारली, पन्नाशीच्या आत. बावीस वर्षांच्या नटीने हा सगळा पट एका वर्षात जगायचा होता.

भरजरी किमोनो, डोईवर जड विग, गुडघ्यांवर बसून तासनतास चालणारी दृश्ये: अशा पोशाखात शरीर जवळजवळ बांधले जाते. बाकी नट हातवारे आणि आवाजाने ते बंधन तोडू पाहतात. मियाझाकीने बंधन मान्य केले आणि थांबण्याच्या त्याच जुन्या कौशल्यावर भूमिका पेलली. मासातो साकाई याने रंगवलेला इएसादा लोकांसमोर वेड पांघरून असतो. त्याच्या शेजारी ती फक्त त्याला न्याहाळत बसते, आणि त्या न्याहाळण्यातून नवराबायकोतला विश्वास भागागणिक उभा राहतो. टकटक करून उत्तराची वाट पाहणारी मुलगी मला तिथे पुन्हा भेटते.

या दोन मालिकांच्या मध्ये तिने एक काम केले, ज्याची दखल कमी घेतली जाते. आओयामांनी २००७ साली ‘सॅड व्हेकेशन’ काढला आणि त्यात कोझुए परत आली. तीच व्यक्तिरेखा, तीच नटी, सात वर्षांनी मोठी झालेली. कोयाकुला मिळत नाही ते तिला मिळाले: आपण लहानपणी केलेल्या पात्राला स्वतःच्याच शरीरात वाढवण्याची संधी.

पुन्हा जाहिरात

मोठी झाल्यावर ती जाहिरातींत परतली. जपानमध्ये ताऱ्याची पत बऱ्याच अंशी जाहिरातींवरूनच जोखली जाते. एक कंपनी करार करताना त्याच प्रकारच्या दुसऱ्या मालासाठी काम न करण्याची अट घालते, म्हणून नावाजलेल्या कलाकाराकडे एक कॅमेरा, एक कपड्यांचा ब्रँड, एक पेय अशी वाटणी असते. २००९ मध्ये ऑलिम्पस कॅमेऱ्याच्या जाहिरातीत ती दिसली. २०१० मध्ये ‘अर्थ म्युझिक अँड इकॉलॉजी’ या कपड्यांच्या ब्रँडच्या जाहिरातीत ती ‘द ब्लू हार्ट्स’ या रॉक गटाचे गाणे आपल्या साध्या, किंचित डळमळत्या आवाजात गाते. ती जाहिरात लोकांच्या तोंडी झाली. आता कपडे तेच होते, काम तेच होते, पण अर्थ उलटला होता. चार वर्षांच्या मुलीला कपड्यांमुळे अस्तित्व होते. इथे कपड्यांना तिच्यामुळे होते.

वाट एकच आहे असे मात्र समजू नये. ‘सेव्हन्टीन’मधून आलेल्या सुझू हिरोसेला कोरे-एदांनी ‘अवर लिटल सिस्टर’च्या (२०१५) वेळी विचारले, पटकथा हवी की सेटवर आयत्या वेळी सांगितलेली वाक्ये? तिने पटकथा नाकारली. इथेही काहीतरी काढूनच घेतले आहे, यावेळी तयारी. बालमॉडेलची सगळी शिस्त तयारीची असते, म्हणून हा उपाय लागू पडतो. जिथे दिग्दर्शक असे काही काढून घेत नाही आणि मासिकातली प्रतिमा जशीच्या तशी पडद्यावर नेतो, तिथे मुलगी दोन-तीन वर्षे चमकते आणि पुढच्या निवडचाचणीतली मुलगी तिची जागा घेते. दोष तिचा नसतो.

मामोरू होसोदा यांच्या ‘वुल्फ चिल्ड्रन’मध्ये (२०१२) मियाझाकीने हानाचा आवाज दिला: एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी, जी तेरा वर्षांत दोन मुलांना एकटीने वाढवते. तिथे चेहराही नाही. २०१५ च्या ‘द बॉय अँड द बीस्ट’मध्ये तर ती नऊ वर्षांच्या मुलाच्या आवाजात बोलते. त्याच वर्षी सकाळच्या ‘आसा गा किता’ या मालिकेत ती परतली, पण नायिका म्हणून नव्हे. नायिका होती हारू, ‘सेव्हन्टीन’ मासिकातून आलेली. मियाझाकी तिची थोरली बहीण हात्सु. सासरची पेढी बुडाल्यावर हात्सु शेतात उतरते, पुढे वाकायामाच्या उतारावर नवऱ्यासोबत संत्र्यांच्या बागा लावते. डोक्याला फडके बांधून ती मातीत वाकलेली असते आणि कॅमेरा बऱ्याच वेळा धाकट्या बहिणीकडे असतो.